खोपोलीचा वडा, पळस्प्याचं पियुष आणि तीन रांगांच्या दोन गाड्या

तीन रांगांची गाडी घ्यायची असेल तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर घ्या, जुन्या हायवेनं खोपोलीला वडा खायला जा आणि मग बुकिंग करा, असं मी आता विचारेल त्याला सांगतो. शोरूममधला मुलगा तुम्हाला टचस्क्रीन दाखवेल, सनरूफ उघडून दाखवेल, दारातल्या दिव्यांचे रंग बदलून दाखवेल. ‘जरा तिसऱ्या रांगेत बसून दाखव’ म्हटलं की त्याला अचानक दुसरा कस्टमर आठवतो.

मी स्वतः सीटच्या धंद्यातला. भोसरी एमआयडीसीत पीयू (पॉलियुरेथेन) फोमच्या मोल्डशेजारी उभं राहून केस पांढरे केले. कंपन्यांना सीट देणारे वेगळे आणि त्यांना फोम देणारे आम्ही, म्हणजे उतरंडीत बरेच खाली. पण बसणाऱ्याच्या बुडाशी थेट संबंध आमचाच. कुठल्याही नव्या गाडीत शिरलो की माझा हात आधी कुशनच्या कडेखाली जातो. बायको म्हणते, ‘अहो, लोक बघतायत.’ बघू देत.

निमित्त होतं पनवेलच्या एका मुंजीचं. चिंचवडहून दोन गाड्या निघाल्या. एक आमची अर्टिगा, २०१८ च्या शेवटी आलेल्या दुसऱ्या पिढीतली, पेट्रोल. दुसरी पुतण्याची सफारी, मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्यांची, सहा आसनी. माणसं म्हणजे आई, आम्ही दोघं, लेक-जावई आणि सहा वर्षांची नात, वहिनी, पुतण्या आणि त्याची बायको. आई ब्याऐंशीची. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं ‘बघू पुढच्या वर्षी’ चाललंय. एक्सप्रेसवेनं यायचं नाही हे तिनं आदल्या रात्रीच जाहीर करून टाकलं. ‘त्या रस्त्यावर मनात येईल तिथं थांबता येत नाही. जेलमधून नेल्यासारखं नेता तुम्ही.’ पुतण्यानं गूगल मॅप दाखवून पाहिला, किती वेळ वाचतो ते सांगून पाहिलं. ‘वाचवून करणार काय आहेस?’ यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या वडिलांकडे फियाट होती. त्या काळी मुंबईहून येताना खोपोलीला थांबायचंच. घाट चढण्याआधी रेडिएटर बघायचा, पाणी भरायचं, आणि एवढं करूनही खंडाळ्याच्या आत कुठंतरी बॉनेट उघडून वाफ जाण्याची वाट बघत उभं राहायचं. इंजिनाला विसावा आणि माणसांना वडा, असा सरळ हिशोब होता. रेल्वेतही तेच झालं. बोरघाट चढायला कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात, त्यासाठी गाडी थांबते, आणि त्या थांब्यावर दिवाडकरांचा वडा अख्ख्या महाराष्ट्रात गाजला. म्हणजे घाटाच्या पायथ्याची ही खाण्याची ठिकाणं कुणी मार्केट सर्व्हे करून उघडलेली नाहीत. जिथं यंत्र दमतं तिथं माणूस उतरतो आणि उतरलेल्या माणसाला भूक लागते. २००२ साली एक्सप्रेसवे पूर्ण झाला, इंजेक्शनची इंजिनं आली, गाड्या तापायच्या बंद झाल्या. थांबणं ऐच्छिक झालं. तरी जुन्या रस्त्यावरच्या ज्या जागा टिकल्या त्या चवीवर आणि सवयीवर टिकल्या, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

कामशेतला पहिला थांबा, चहाचा. टपरीचं नाव नाही, त्यामुळे लिहीतही नाही. इथं अर्टिगाची एक गंमत कळते. पुढच्या दोन सीटांमध्ये कपहोल्डर आहेत आणि त्यांना एसीचा गार वारा मिळतो. ब्रोशरमध्ये हे वैशिष्ट्य म्हणून छापलेलं असतं आणि कोकच्या कॅनसाठी ते झकासच आहे. पण टपरीवरचा कटिंग चहा त्यात ठेवला आणि जावयानं फोन घेतला, की चहाचं सरबत. झाकण फिरवून तो वारा बंद करता येतो हे घरात फक्त नातीला ठाऊक होतं.

लोणावळ्यात आम्ही थांबलो नाही. शनिवारची सकाळ, चिक्कीच्या दुकानांपुढे तिरक्या लावलेल्या गाड्या, पर्यटकांचे घोळके. मगनलालची चिक्की परतताना, असं नातीला आश्वासन देऊन पुढे निघालो. खंडाळ्यापाशी थोड्या अंतरासाठी जुना रस्ता आणि एक्सप्रेसवे एकच होतात. पाटी चुकलात तर सरळ एक्सप्रेसवेनं खाली उतराल आणि खोपोली हुकेल. अमृतांजनचा पूल २०२० च्या लॉकडाउनमध्ये पाडला, त्यामुळे ‘पूल आला की डावं-उजवं बघ’ ही आमच्या पिढीची खूण गेली. पुढे घाटात शिंगरोबाचं देऊळ. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, अशी त्याची कथा. आईनं काच खाली करायला लावून नाणं टाकलं. सफारीवाले मागून येत होते, त्यांच्या वतीनंही एक टाकलं.

आता वडा. खोपोलीतलं रमाकांत. ज्यांना माहीत आहे त्यांना काही सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी तिथं आर्किटेक्टनं काढलेलं इंटिरियर शोधू नये. कढईतून निघालेला वडा हातात येईपर्यंत फार वेळ जात नाही, हे या जागेचं खरं भांडवल. आवरण पातळ. बऱ्याच ठिकाणी बेसनाची जाड खोळ आणि आत ठेचून लगदा केलेला बटाटा असतो. इथल्या वड्यात बटाट्याच्या फोडी अजून फोडी असतात, दाताखाली येतात. पहिला घास नेहमीप्रमाणे जीभ भाजतो. दुसऱ्या घासाला लसूण आणि मिरची कळते. पाव घ्यायचा की नुसताच खायचा यावर आमच्या घरात दोन पंथ आहेत. मी नुसत्याच्या पंथातला. पावात घातला की वड्याचा कुरकुरीतपणा वाफेनं मरतो, मग एवढ्या लांब यायचं कशाला?

खाण्याइतकंच मी तिथं आईचं उतरणं बघत होतो. ती अर्टिगाच्या मधल्या रांगेत, डाव्या दाराशी. दार उघडलं. आधी दोन्ही पाय बाहेर, मग एक हात दाराच्या चौकटीवर, एक माझ्या खांद्यावर, आणि उभी. मधे थांबणं नाही, ‘आई गं’ नाही. आमच्या धंद्यात याला एच पॉइंट म्हणतात. माणूस बसला की कमरेचा सांधा जमिनीपासून किती उंचीवर येतो तो बिंदू. घरातली जेवणाची खुर्ची साधारण ४५ सेंटीमीटर उंच असते. गाडीचं आसन त्याच्या जरा वर असलं की म्हातारं माणूस बाजूला सरकून बसतं आणि पाय आत घेतं. खाली असलं तर सेडानसारखं ‘आत पडावं’ लागतं आणि निघताना दोघांनी ओढावं लागतं. फार वर असलं तर चढावं लागतं, गुडघा आधी वाकवून मग सगळं वजन त्यावर टाकावं लागतं, आणि ऑपरेशनवाल्या गुडघ्याला नेमकं तेच नको असतं. अर्टिगा १६९० मिलिमीटर उंच आहे, सफारी १७८६. हा फरक छपरात दिसतो तसाच पायरीतही जाणवतो. खोपोलीहून पुढे आईला सफारीत बसवून पाहिलं. चढली, पण पुतण्यानं मागून आधार दिला तेव्हा. बसल्यावर मात्र तिला ती खुर्ची फार आवडली. ‘पाटलीणबाईंसारखं वाटतं’ म्हणाली, दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर ठेवून.

मला या दोन गाड्यांच्या आकड्यांत एक गोष्ट फार मजेची वाटते. अर्टिगाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २७४० मिलिमीटर. सफारीचा २७४१. एका मिलिमीटरचा फरक! रस्त्यावर शेजारी उभ्या केल्या तर सफारी थोरला भाऊ वाटते, पाऊण फुटाहून जास्त लांब, रुंदही बरीच, आणि किमतीत तर विचारूच नका. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधली जी जागा, जिच्यात माणसं बसवायची असतात, ती दोघींची जवळपास सारखीच. त्याला कारण आहे. सफारी ही टाटांच्याच हॅरियरच्या सांगाड्यावर बेतलेली गाडी. २०१८ च्या ऑटो एक्स्पोत टाटांनी एच-फाइव्ह-एक्स नावाची कन्सेप्ट, म्हणजे प्रदर्शनापुरती नमुन्याची गाडी, दाखवली, तिची २०१९ च्या जानेवारीत हॅरियर झाली, पाच जणांची. त्याच वर्षी मार्चमध्ये जिनिव्हाला तीन रांगांचं रूप बझर्ड या नावानं आलं. २०२० च्या एक्स्पोत तिचं ग्रॅव्हिटास झालं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत बाजारात येताना जुनं लाडकं नाव मिळालं, सफारी. या सगळ्या नामकरणांत व्हीलबेस तोच राहिला. हॅरियरपेक्षा लांबी ६३ मिलिमीटर वाढवली, छप्पर मागच्या बाजूला उचललं, आणि त्यात तिसरी रांग बसवली. वाईट बसवली असं म्हणणार नाही. डोक्याला जागा आहे. पण मागे बसलं की गुडघे छातीकडे येतात, कारण पायाखालची जमीन वर आणि कुशन खाली. मागच्या आसनाची उशी जाड करावी तर डोकं छपराला लागतं, पातळ ठेवावी तर मांड्या अधांतरी. फोमवाल्याला विचारा, या दोन मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या भांडणात किती सॅम्पल नापास होतात.

अर्टिगाही कन्सेप्टचीच लेक. २०१० च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रगती मैदानावर मारुतीनं आर-थ्री नावाची तीन रांगांची कन्सेप्ट मांडली होती. आम्हा व्हेंडर लोकांची एक बस पुण्याहून विमानतळ आणि तिथून प्रगती मैदान अशी नेली होती, त्यात मी होतो. फिरत्या चबुतऱ्यावर गाडी, भोवती दोरी, दोरीभोवती मोबाइल उंच धरलेले हात. आमच्यातले सगळे वाकून तिसरी रांग बघायचा प्रयत्न करत होते आणि सुरक्षारक्षकाला वाटत होतं की यांचं काहीतरी खाली पडलंय. दोन वर्षांनी, २०१२ च्या एप्रिलमध्ये, तिची अर्टिगा झाली. चबुतऱ्यावरचं बरंचसं नाटक गळून पडलं, तीन रांगा राहिल्या. माझ्या हिशोबी हा चांगला सौदा.

कन्सेप्ट गाड्यांचं मला एक कळत नाही. कुटुंबाची गाडी म्हणून मांडतात आणि आत पांढरं लेदर. दारं कपाटासारखी समोरासमोर उघडणारी, मधला खांब गायब. चौथ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या फटीत ती दारं उघडून दाखवा म्हणावं. समोरासमोरच्या खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर एक संत्र आणि काचेचा पेला. बोरघाटाच्या वळणावर तो पेला कुणाच्या मांडीत जातो ते कुणी दाखवत नाही. मी कोथिंबीर वडी खाल्लेला तेलकट हात घेऊन त्या पांढऱ्या लेदरवर एकदा टेकणार आहे, मग सांगा डिझाइन कसं आहे. आमच्या अर्टिगाची सीटही फिक्या रंगाची, कापडी. त्यावर तेल पडलं की घासायचं नाही, घासलं की ते कापडातून फोममध्ये उतरतं आणि मग जन्मभर धूळ धरतं. वरून टाल्कम पावडर टाकायची, तेल ओढू द्यायचं, वाळली की झटकायची. पावडर नसेल तर कोरडं बेसन. वड्याच्या दुकानाबाहेर बेसन मागितलं तर माणूस जरा चमकतो, पण देतो.

सगळ्या कन्सेप्ट अशा नसतात. १९७८ साली इटलीच्या जुजारो या डिझायनरनं लान्सिया कंपनीसाठी मेगागामा नावाची गाडी ट्युरिनला दाखवली. उंच छप्पर, सपाट जमीन, खुर्चीसारखी ताठ आसनं. दिसायला अगदी साधी, डब्यासारखी. लान्सियानं ती बनवलीच नाही. सहा वर्षांनी रेनोनं एस्पास आणली आणि तशाच उंच, ऐसपैस घडणीवर युरोपातल्या कुटुंबांच्या गाडीची व्याख्या बदलली. आमच्या ट्रेनिंगमध्ये एका म्हाताऱ्या इंजिनियरनं तिचा फोटो भिंतीवर टाकून सांगितलं होतं, ‘ह्यात चाकाकडे बघू नका, माणसाच्या कमरेकडे बघा.’ अर्टिगात आई उतरताना मला तो फोटो आठवतो.

आणि ही एक गोष्ट पिंपरी-भोसरीत हमखास सांगितली जाते. सुमंत मुळगावकर टेल्कोचे, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचे, प्रमुख असताना दुपारी जेवायला दिसायचे नाहीत. लोकांना वाटायचं, पंचतारांकित हॉटेलात डीलरांबरोबर असतील. एकदा कुणीतरी पाठलाग केला तर साहेब हायवेवरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवत बसलेले, आपल्या ट्रकमध्ये काय खटकतं ते विचारत. आख्यायिका आहे, आख्यायिकेसारखीच घ्यावी. पण टाटांनी १९९४ साली आणलेल्या सुमोला त्यांचं नाव आहे एवढं खरं, आणि त्या गाडीत मागे समोरासमोर बाकांवर बसून गुडघ्याला गुडघे लावत आमच्या किती वराती गेल्या. वऱ्हाडी खाली उतरले की आधी कंबर धरायचे आणि मग चहा मागायचे. कुटुंबाची गाडी बनवणाऱ्या डिझायनरांना मी तोच ढाब्याचा नेम लावीन. एक रविवार खोपोलीला उभं राहा. कोण कुठल्या दारातून कसं उतरतं, पिशवी कुठं ठेवतं, लहान मूल ओकलं तर कापड कुठून काढतात, एवढं लिहून आणा.

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याला पोचलो तेव्हा मुंजीच्या जेवणाला अजून अवकाश होता आणि वहिनी म्हणाली, ‘मुंजीत वेळेवर वाढलंय का कुणी कधी?’ झालं, गाड्या आत. दत्त स्नॅक्स. इथून गोव्याचा रस्ता फुटतो, त्यामुळे कोकणात जाणारे, पुण्याला जाणारे आणि नुसतेच पनवेलहून खायला आलेले, सगळे एकाच दारात. गर्दीची तक्रार करण्यात अर्थ नाही, गर्दी हेच तिथल्या ताजेपणाचं कारण आहे. कोथिंबीर वडी मागवली. बाहेरून कुरकुरीत, आतून ओलसर, कोथिंबीर नावापुरती नाही. वडा इथलाही उत्तम, पण खोपोलीनंतर लगेच खाल्ल्यामुळे त्याला न्याय देता येणार नाही. माझं मत विचाराल तर पळस्प्याला पियुष प्या. श्रीखंड आणि ताक यांच्या मधली ही वस्तू, केशर, वेलची, जायफळ. हल्ली बऱ्याच ठिकाणी पियुष म्हणजे पातळ केलेलं गोड दही देतात. इथं जायफळ शेवटी घशात कळतं. नातीनं अर्धा पेला पिऊन ‘हे आइस्क्रीम वितळलंय’ असा निर्णय दिला आणि उरलेला अर्धा कुणाला दिला नाही.

बसण्याची व्यवस्था साधी आणि सरळ. धंद्याची खोड, खुर्चीत बसलो की पाय जमिनीला सपाट टेकतात का आणि मांडीखाली कड रुततेय का हे बघतोच. दोन्ही परीक्षांत पास. मऊ सोफा कुठंच नाही आणि तो नसावाच. उडप्याच्या हॉटेलातलं कडक आसन आणि जुन्या उपाहारगृहातला बाक यांच्यावर माणूस खाऊन वेळेत उठतो, म्हणून बाहेर उभ्या असलेल्यांना जागा मिळते. याच्या उलट, एक्सप्रेसवेवरच्या एका फूड मॉलमध्ये मागे आम्ही टोकन घेऊन उभे होतो. वडा एका खिडकीवर, चहा दुसऱ्या, पाण्याची बाटली तिसऱ्या. तिन्ही गोळा करून आईपाशी आणेपर्यंत वडा गार, आणि आई ज्या उंच स्टुलावर चढू शकत नव्हती त्याच्या शेजारी उभी. स्वच्छतागृह मात्र तिथलं चकाचक होतं, आणि हा मुद्दा छोटा नाही. जुन्या रस्त्यावरच्या एका नावाजलेल्या जागी त्या दिवशी आमच्या बायकांनी आत डोकावून तसंच परत यायचं ठरवलं. ज्या धंद्याला इतकी गिऱ्हाइकं आहेत त्याला एक माणूस नळ आणि फिनेलवर ठेवणं जड जाऊ नये. घरातल्या बायका पुढच्या वेळी कुठं थांबायचं ते यावरूनच ठरवतात, वड्यावरून नाही. मालकमंडळी वाचत असतील तर कमोड बसवा आणि शेजारी भिंतीत एक दांडी ठोका.

सामानाचं राहिलं. मुंजीचा आहेर, आईची औषधांची पेटी, कपड्यांच्या बॅगा. अर्टिगात तिसरी रांग उभी असेल तर डिकी २०९ लिटर. दोन मध्यम बॅगा उभ्या आणि फटीत पिशव्या, संपलं. सीएनजी घेतलीत तर टाकीही तिथंच. तिसरी रांग आडवी केली की ५५० लिटर, मग निम्मं घर हलवा. ही रांग निम्मी-निम्मी दुमडते, म्हणून आम्ही एक बाजू आडवी करून बॅगा टाकल्या आणि दुसऱ्या बाजूला जावई टाकला. सफारीत तिन्ही रांगा भरल्या तर मागे त्याहूनही कमी उरतं. तेव्हा ‘सात जण आणि सात जणांचं सामान’ हे वाक्य या किमतीच्या गाड्यांत कुणी म्हणालं तर त्याला टपाचा कॅरियर दाखवा.

परतीच्या चढावर मात्र सफारीनं मान पटकावला. दोन लिटरचं डिझेल इंजिन, १७० पीएस ताकद, भरलेली गाडी घाटात नेताना पुतण्या निवांत गप्पा मारत होता. अर्टिगाचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन सपाटीला गोड चालतं, पण बोरघाटात एसी चालू ठेवून सात जण चढवायचे तर गिअर खाली टाका आणि त्याला ओरडू द्या. त्याचा काही दोष नाही, तेवढ्याशा इंजिनाकडून आपण मागतो किती! वळणांवर उंच सफारीत मागच्या रांगेतल्या वहिनीला जरा मळमळलं. तिला पुढे घेतलं, खिडकी उघडली, आवळा सुपारी दिली. मागे बसणाऱ्याला खिडकीतून बाहेरचं नीट दिसलं तर हे कमी होतं. मागची काच डिझाइनसाठी निमुळती करत नेण्याची जी फॅशन आलीय, ती काढणाऱ्यानं स्वतः खोपोली ते खंडाळा मागे बसून यावं, तेही दोन वडे आणि एक पियुष पोटात असताना.

पुतण्याचं पुढचं स्वप्न विजेच्या गाडीचं. २०२२ साली टाटांनी अविन्या नावाची कन्सेप्ट दाखवली तेव्हा अर्ध्या तासाच्या आत चार्ज होऊन किमान ५०० किलोमीटर जाण्याचं बोलले होते. ते तसंच्या तसं रस्त्यावर येईल तेव्हा येईल. माझं लक्ष त्या अर्ध्या तासावर आहे. रेडिएटर गेला, बँकरचा थांबा रेल्वेपुरता उरला, आणि आता चार्जरच्या निमित्तानं यंत्र पुन्हा थांबायला लागेल. खोपोली-पळस्प्याच्या जुन्या मंडळींनी आवारात चार-दोन चार्जर बसवले तर फूड मॉलवाल्यांना घाम फुटेल. वायर लावून वडा खायचा, पियुष प्यायचं, आईनं सावकाश उतरून सावकाश बसायचं. अर्धा तास तसाही आम्हाला लागतोच.

तोवर कुणाला काय घ्यायचं विचाराल तर असं. घरात गुडघेवालं माणूस असेल, बहुतेक फेऱ्या गावातल्या असतील आणि मागच्या रांगेत मोठं माणूस क्वचित बसणार असेल तर अर्टिगा. घाट नेहमीचा असेल, खिसा भक्कम असेल तर सफारीची सहा आसनी, पण दाराखाली पायरी लावून घ्या आणि ती पाऊल पूर्ण मावेल एवढी रुंद घ्या, शोभेची अरुंद नळी नको. दोन्हीत तिसऱ्या रांगेत स्वतः बसून एक टोल ते दुसरा टोल जा. खाण्याचं म्हणाल तर खोपोलीला सकाळी लवकर. पळस्प्याला रविवारी दुपारी जाणार असाल तर गाडी लावायला एकानं चाकावरच थांबावं लागतं, त्याच्यासाठी कोथिंबीर वडी बांधून घ्या, वडा नको, कागदात मऊ पडतो. आणि चिक्की परतताना घेऊ असं लहान मुलाला सांगितलं असेल तर घ्याच. आम्ही घाट चढून आलो तेव्हा नात झोपली होती, सगळ्यांनी सोयीस्करपणे लोणावळा पार केलं, आणि वडगावला उठून तिनं जो गोंधळ घातला त्यात पुतण्याला सफारी मागे फिरवावी लागली. डिझेल त्याचं, त्यामुळे अॅव्हरेजचा आकडा मी इथं देत नाही.